गोड वाइन आणि खान्देशी पाहुणचार

नाशिक ते धुळे अंतर १५० किलोमीटरच्या आसपास. मधे राहुडचा घाट. या रस्त्याने लग्नाची वऱ्हाडे येतात, कांद्याचे ट्रक येतात, मुंबईला नोकरीला लागलेली पोरे दिवाळीला घरी येतात. नाशिकची वाइन तेवढी येत नाही. ती गंगापूर धरणाच्या काठावरून निघते आणि कसारा उतरून मुंबई गाठते, नाहीतर सिन्नरवरून पुण्याकडे वळते. पूर्वेला तोंड करून चांदवड ओलांडणारी बाटली विरळाच. ओलांडलीच, तर ती एखाद्या भाच्याच्या बॅगेत टॉवेलात गुंडाळलेली असते आणि बहुधा गोड असते. भाच्याचा हिशेब सरळ असतो. मामालोकांना आंबट-तुरट काही चालायचे नाही, उगाच तोंडे वाकडी करतील. त्यापेक्षा गोड नेऊ, सगळे खूश.

हा हिशेब कुठे चुकतो ते पुढे येईलच. आधी बाटली बघू.

ती लहान असते, ३७५ मिलिलिटरची. गोड वाइन जगभर बहुतेक अशाच अर्ध्या बाटलीत विकतात आणि किंमत मात्र पुऱ्या बाटलीच्या आसपास लावतात. धुळ्याकडच्या आमच्या एका जिभाऊंसमोर अशी बाटली आली, तेव्हा त्यांनी ती उचलून हातावर तोलली. बाजार समितीत आयुष्य गेलेल्या माणसाचा हात तो. मग विचारले, "भो, अर्धी बाटलीना पुरा पैसा?"

भाच्याने समजावले. ही लेट हार्वेस्ट आहे. द्राक्षे पिकली तरी तोडत नाहीत, आणखी काही आठवडे वेलीवरच ठेवतात. उन्हाने त्यांच्यातले पाणी उडते, मणी सुरकुततात, साखर दाट होते. रस कमी निघतो म्हणून वाइन महाग.

"म्हंजे वजन घटवीसन इकतस?"

जिभाऊंनी जन्मभर कापूस विकला. कापसावर पाणी मारून वजन वाढवण्याची विद्या खान्देशात काहींना अवगत आहे (जिभाऊ त्यांतले नव्हेत, हे लिहून ठेवलेले बरे). पण आपल्या मालाचे वजन आपणच घटवायचे आणि वर जास्त भाव मागायचा, असा शेतकरी त्यांनी पाहिला नव्हता. त्यांचा त्या शेतकऱ्याबद्दलचा आदर एकदम वाढला.

मग वाइन गोड राहते कशी, हा प्रश्न आला. यीस्टचे काम म्हणजे पंगतीला बसलेल्या वऱ्हाड्याचे काम. पानात साखर आहे तोवर ते जेवत राहणार आणि जेवता जेवता मद्यार्क तयार करत राहणार. साध्या वाइनमध्ये साखर संपते, मगच ते उठते. गोड वाइनमध्ये एकतर साखर इतकी असते की यीस्टच थकते, किंवा वाइन एकदम गार करून, बारीक गाळून त्याला अर्ध्या जेवणातून उठवतात. पोर्टची तऱ्हा आणखी दांडगी. तिथे आंबवण चालू असतानाच द्राक्षाचे स्पिरिट ओततात. यीस्ट जागच्या जागी गारद होते आणि उरलेली साखर तशीच राहते. म्हणून पोर्ट गोडही लागते आणि २० टक्क्यांच्या आसपास मद्यार्क बाळगून कडकही असते.

आपल्या साक्री-शिरपूरच्या डोंगरात याच्या बरोबर उलट चालते. मोहाचे फूल उन्हाळ्याच्या तोंडाशी पहाटे टपटप गळते. ते इतके गोड असते की वाळवून नुसतेही खातात. दारूसाठी मात्र ती सगळी साखर आंबू देतात आणि वर भट्टी लावून वाफ धरतात. हाती येते त्यात मोहाचा वास पुरेपूर असतो, गोडी औषधालाही नसते. या फुलांच्या साठवणुकीवर आणि वाहतुकीवर असलेली बंधने राज्य सरकारने २०२१ मध्ये सैल केली. कुणीतरी धीर करून मोहाची गोडी बाटलीत राखून दाखवावी, अशी माझी फार इच्छा आहे. त्या बाटलीसाठी नाशिककरांनी उलटा राहुड चढून यावे.

जिभाऊंना खरा धक्का बसला तो फ्रान्सचा.

बोर्दोच्या दक्षिणेला सोतेर्न नावाचा भाग आहे. तिथे सिराँ नावाची छोटी, थंड पाण्याची नदी गारोन या मोठ्या नदीला मिळते. शरद ऋतूत सकाळी तिथे धुके दाटते, दुपारी लख्ख ऊन पडते, आणि या दोहोंच्या मेळात द्राक्षांवर बोट्रायटिस नावाची बुरशी धरते. ती सालीला बारीक छिद्रे पाडते, आतले पाणी उडून जाते. घड करडा, सुरकुतलेला, किळसवाणा दिसू लागतो. शेतकरी त्या घडाकडे बघून आनंदाने हात चोळतो. मजूर एकाच बागेतून पुन्हा पुन्हा फिरतात आणि दर खेपेला फक्त नीट सडलेले मणी निवडून तोडतात. यातला सगळ्यात मोठा मान शातो दिकेम या बागेला. १८५५ साली बोर्दोच्या वाइनची प्रतवारी लागली, तेव्हा गोड वाइनींमध्ये सर्वांच्या वर एक वेगळी पायरी केली आणि तिच्यावर दिकेमला एकट्याला बसवले. तिथे एका वेलीमागे एक ग्लास वाइन निघते असे सांगतात. २०१२ साली माल मनासारखा उतरला नाही म्हणून त्यांनी त्या वर्षाची बाटली बाजारात आणलीच नाही.

हे सगळे जिभाऊ शांतपणे ऐकत होते. त्यांची निम्मी हयात बुरशीशी भांडण्यात गेली आहे. नाशिकच्या द्राक्षाला भुरी आणि डाउनी, रावेर-यावलच्या केळीला करपा. बुरशी दिसली की फवारणीचा पंप पाठीला, बुरशी वाढली की तलाठी दारात. पंचनामा होतो, पीकविम्याच्या अर्जाला फोटो जोडतात, फोटोत बुरशी स्पष्ट दिसत नाही म्हणून अर्ज परत येतो. आणि इथे एक माणूस बुरशी यावी म्हणून वाट बघत बसलेला!

"आनी बुरशी नही उनी ते?" जिभाऊंनी विचारले.

नाही आली तर त्या वर्षी नुकसान.

"मंग तठे पंचनामा बुरशी नही उनी म्हनीसन व्हस का?"

भाच्याकडे याचे उत्तर नव्हते. माझ्याकडेही नाही.

हंगेरीतल्या तोकायची कथाही याच बुरशीची. तिथे सडके मणी वेगळे वेचून टोपल्यांनी मोजायची रीत होती. त्या टोपलीला पुट्टोन म्हणतात, आणि किती पुट्टोन घातले त्यावर वाइनचा गोडवा आणि भाव ठरे. तोकायच्या वाइनचा उल्लेख हंगेरीच्या राष्ट्रगीतात आहे. ते काव्य कोल्चेई नावाच्या कवीने १८२३ साली लिहिले. त्यांच्या राष्ट्रगीतात वाइन आहे. आपल्या राज्यगीतात तापीसुद्धा नाही. यावर आमच्या बैठकीत बराच वेळ गेला आणि वाइन बाजूला राहिली.

आइस वाइनचा विषय निघाला तेव्हा मात्र धुळेकर सरसावून बसले. ही वाइन कॅनडात आणि जर्मनीत करतात. कडाक्याच्या थंडीत द्राक्षे वेलीवरच गोठू देतात, रात्री नाहीतर पहाटे तोडतात आणि गोठलेलीच पिळतात. पाण्याचा बर्फ मागे राहतो, दाट पाकासारखा रस तेवढा बाहेर येतो. दर डिसेंबर-जानेवारीत "धुळे गारठले" अशी बातमी वर्तमानपत्रात ठरलेली असते. कृषी महाविद्यालयाच्या नोंदीनुसार पारा पाच अंशांवर उतरलेला असतो, आणि धुळेकर मफलर गुंडाळून त्या आकड्याकडे आपल्या मुलाच्या टक्केवारीकडे बघावे तशा अभिमानाने बघतो. कॅनडाच्या नियमाप्रमाणे आइस वाइनला तापमान उणे आठ लागते. म्हणजे धुळे फक्त तेरा अंशांनी कमी पडते. जिभाऊंच्या मते इतका फरक प्रशासनाने मनावर घेतले तर भरून निघेल.

थंडीची ही ऐट मार्चपर्यंत टिकते. मे महिन्यात जळगाव-भुसावळ ४४-४५ अंशांवर भाजून निघते आणि वाइनचे सगळे प्रश्न खऱ्या अर्थाने तेव्हा सुरू होतात.

पहिला प्रश्न दुकानाचा. खान्देशातल्या दुकानात जाऊन "गोड वाइन आहे का?" असे विचारले की समोर गोव्याची पोर्ट येते. "एकदम गोड, साहेब!" दुकानदार खोटे बोलत नाही. ती गोड असतेच, आणि गोव्याला सहलीला गेलेल्या प्रत्येक खान्देशी कुटुंबाने ती एकदा तरी आणलेली असते. आमच्याकडे ती कपाटात च्यवनप्राशच्या शेजारी राहत असे आणि आत्याबाई ती थंडीत चमचाभर घेत. दारू म्हणून नव्हे, औषध म्हणून. कायदाही आत्याबाईंच्या बाजूचा आहे. आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. दारू प्यायला परवाना लागतो आणि तो मिळतो तो प्रकृती राखण्याच्या कारणासाठी. दिवसाचा पाच रुपये, वर्षाचा शंभर, जन्माचा हजार. ढाब्यावर रात्री अकरा वाजता जी मंडळी दिसतात, ती सगळी कायद्याच्या दृष्टीने प्रकृती सांभाळायला आलेली असतात.

पण पोर्टने भागवू नये. नाशिक भागातल्या लेट हार्वेस्ट शेनाँ ब्लाँकची चव घ्यावी. सुलाची मिळते, निफाडकडच्या रेव्हेइलोची मिळते. शेनाँ ब्लाँक हे मूळचे फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातले पांढरे द्राक्ष. गोड वाइनला ते चालते याचे कारण त्याचा आंबटपणा. ऊन कितीही तापले तरी हे द्राक्ष आपला आंबटपणा बऱ्यापैकी राखून असते. गोड वाइनमध्ये बघायची गोष्ट हीच. नुसती साखर असेल तर दोन घोटांत जीभ चिकटते आणि तिसरा नकोसा होतो. मागून आंबटाची धार आली की तोंड पुन्हा स्वच्छ होते. ज्यांनी कैरीचे पन्हे कधी अळणी-मिळमिळीत होऊ दिले नाही अशा खान्देशी बायकांना हे समजावून सांगावे लागत नाही. पुरुषांना लागते.

बाटली घेताना तिचा रंग उजेडात बघावा. फिकट सोनेरी असेल तर घ्यावी, तपकिरीकडे झुकला असेल तर ठेवून द्यावी. लेबलवरचे साल बघावे. "जितकी जुनी तितकी चांगली" हा समज आपल्याकडे पक्का आहे आणि दुकानदार त्याचा पुरेपूर फायदा घेतात. दिकेमसारखी वाइन शंभर वर्षे टिकते, ती थंड तळघरात आडवी ठेवली तर. आपल्याकडची लेट हार्वेस्ट दोन-चार वर्षांत पिऊन टाकायची असते. तीही दुकानाच्या पश्चिमेकडच्या काचेत, मे महिन्याच्या उन्हात, झेंडूच्या वाळक्या हाराखाली उभी असेल तर त्याआधीच. मांडणीतली बाटली नको म्हणावे, आतल्या खोक्यातली मागावी. दुकानदार कुरकुरतो, पण काढून देतो. जळगावात वर्षानुवर्षे कपाटात जपायची वस्तू म्हणजे सोने. त्याला ऊन लागत नाही आणि त्याचा भाव बुरशीविना वाढतो.

दुसरा प्रश्न तापमानाचा. वाइनच्या पुस्तकांत "रूम टेम्परेचर" असे लिहिलेले असते. ती रूम युरोपातली, दगडी भिंतीची, १६ ते १८ अंशांची. भुसावळच्या रूममध्ये पंखा चालू असताना मे महिन्यात जे तापमान असते, त्यावर वाइन ठेवली तर ती प्यायची राहत नाही, शेकायच्या कामाची होते. गोड वाइन तर त्याहूनही गार लागते, साधारण ८ ते १० अंश. म्हणजे फ्रीजमध्ये दिवसभर ठेवावी, काढावी आणि लगेच ओतावी. युरोपातला यजमान बाटली काढून थोडा वेळ तशीच ठेवतो, वास मोकळा व्हावा म्हणून. आपल्याकडे तेवढा वेळ "अहो, आधी पाणी घ्या", "पोरांचं कसं चाललंय?", "या वर्षी कपाशीचं काय?" यात केव्हाच निघून जातो. मनपसंत तापमान आपोआप येते आणि आल्यासारखे निघूनही जाते. बर्फ घालू नये. वितळून सगळी चव पातळ करतो. सोडा घालणाऱ्यांशी वाद घालू नये, फक्त बाटली त्यांच्या हातापासून लांब ठेवावी.

तिसरा प्रश्न मापाचा, आणि इथे खान्देशी स्वभाव आड येतो. गोड वाइन माणशी ६० मिलिलिटर द्यायची असते. ३७५ ची बाटली सहा जणांत बसते. हे गणित खान्देशात कुणी कधी मान्य केलेले नाही. पाहुण्याच्या ग्लासात तळाला बोटभर काहीतरी टाकून "घ्या" म्हणणे म्हणजे त्याच्या सात पिढ्यांचा अपमान. शिवाय आग्रह आहेच. पहिल्या दोघांना आग्रह करता करता बाटली संपते आणि उरलेले चौघे लेबल वाचत बसतात. यावर मला सुचलेला उपाय म्हणजे छोटे ग्लास. काचेचा कटिंग चहाचा ग्लास अगदी योग्य. त्यात साठ मिलिलिटर टाकली तर बरेच भरल्यासारखे दिसते आणि यजमानाची अब्रू राहते. स्टीलचा पेला नको, रंग दिसत नाही, आणि या वाइनला रंग बघण्यासाठीही पैसे मोजलेले असतात. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रीजमध्ये आठवडाभर चांगली राहते, असे जाणकार सांगतात. या माहितीचा उपयोग करायची वेळ खान्देशात कुणावर आलेली मी पाहिली नाही.

जिभाऊंनी आपल्या कटिंग ग्लासातला पहिला घोट घेतला, जिभेवर घोळवला आणि निकाल दिला, "अरे, हाई ते सरबत शे! दारू कोठे शे?" भाच्याचा चेहरा पडला. मग जिभाऊंनी सरबत आहे तर हरकत काय, अशा हिशेबाने ग्लास पुन्हा पुढे केला. ही वाइन १२-१३ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, म्हणजे बिअरच्या दुपटीहून वर, हे त्यांना तिसऱ्या सरबतानंतर, उठून उभे राहताना कळले.

आता तो चुकलेला हिशेब. भाच्याने गोड वाइन गोडासोबत वाढली. त्याने वाचले होते की ही वाइन जेवणाच्या शेवटी, गोड पदार्थाबरोबर देतात. युरोपात जेवण ओळीने येते आणि गोड सगळ्यांत शेवटी येते. आमच्या पंगतीत गोडाला शेवट नसतो, सुरुवातही नसते. ते पहिल्या घासापासून पानात असते आणि पंगत उठते ती भात आणि मठ्ठ्यावर. बाटली आणायची केव्हा? मठ्ठ्यानंतर? भाच्याने ती मधेच, आमरस वाढून झाल्यावर आणली. तेही अखजीच्या दिवशी.

अखजी म्हणजे खान्देशाची अक्षय्य तृतीया. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असतात, झाडाला झोके बांधलेले असतात, पुरुषमंडळी पत्त्यांच्या डावात बुडालेली असतात आणि चुलीवर खापर पालथे घातलेले असते. त्यावर मांडे होतात. पुरण भरलेला उंडा हातांवर झेलत झेलत बाई असा पसरते की तो कोपरापर्यंत येतो आणि कागदाइतका पातळ होतो. फाटत कसा नाही हे पुरुषांना आजतागायत कळलेले नाही. पुरणात डाळीच्या बरोबरीने गूळ. सोबत वाटीभर आमरस. वर तूप. एवढ्या गोडापुढे वाइन काय करणार?

वाइनच्या बाबतीत एक नियम आहे आणि तो खरा आहे. वाइन नेहमी पदार्थापेक्षा गोड हवी. पदार्थ जास्त गोड असेल तर वाइनमधली साखर जिभेला जाणवतच नाही, फक्त आंबट उरते. चांगल्या सोतेर्नमध्ये लिटरला १२० ते १५० ग्रॅम साखर असते. हा आकडा युरोपात जबर मानतात. पुरणासमोर तो पाणी आहे. मांड्याचा घास, रसाचा भुरका आणि त्यावर लेट हार्वेस्टचा घोट घेतला तर साखर घालायला विसरलेले लिंबूपाणी प्यायल्याचा भास होतो. बऱ्हाणपूरची मावा जिलेबी, पाकात न्हालेली, तिच्यासमोर तर बाटली उघडूच नये. स्पेनची पेड्रो हिमेनेस शेरी कदाचित टिकाव धरील. द्राक्षे उन्हात मनुकांसारखी वाळवून ती करतात. लिटरला ४०० ग्रॅमपर्यंत साखर, काळी, दाट, ओतताना धार लागणारी. पण ती आणायला भाचा स्पेनला जाईपर्यंत रसाचा हंगाम संपतो.

त्या दिवशी बाटली वाचवली ती मामींनी. पंगती उठल्यावर बायका जेवायला बसल्या. सकाळपासूनच्या गोडाने सगळ्यांची तोंडे मिटली होती, म्हणून मामींनी आदल्या रात्रीची शेवभाजी गरम केली. लाल तर्री, वर जाड शेव. शेजारी ग्लासात कुणीतरी तशीच टाकून गेलेली वाइन होती. टाकून कशाला द्यायची म्हणून मामींनी भाजीच्या घासावर एक घोट घेतला. थोडे थांबल्या. आणखी एक घेतला. मग म्हणाल्या, "भाजीसंगे बरी लागते. तुम्ही पुरणासंगे काय देऊन राहिले?"

मामींचे बरोबर होते आणि त्याला कारण आहे. तिखटाची आग साखरेने शमते. गार घोटाने आणखी शमते. तर्रीवरचे तेल आंबटाने कापले जाते. हेच काम लाल, तुरट वाइनला सांगितले तर ती त्या आगीत तेल ओतते. मद्यार्क आणि तुरटपणा दोन्ही जिभेला जास्त झोंबतात. युरोपातही गोड वाइनचे नावाजलेले जोडीदार गोड नाहीत. फ्रान्समध्ये सोतेर्नबरोबर रोकफोर नावाचे खारट, निळ्या बुरशीचे चीज देतात. इंग्लंडात पोर्टबरोबर स्टिल्टन, तेही तसलेच. म्हणजे खाऱ्याशी गोडाचे लग्न तिकडे फार आधी लागलेले आहे. आम्ही उगाच गोडाशी गोडाची सोयरीक जुळवत बसलो.

त्यामुळे आता माझे मत ठाम आहे. लेट हार्वेस्टचा खान्देशातला हंगाम अखजीचा नव्हे, भरिताचा. थंडीत शेतात पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजलेली असतात. तीही ती फिकट हिरवी, मोठी, जळगावची भरिताची वांगी, ज्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात ठेचलेली हिरवी मिरची, शेंगदाणे, कांद्याची पात. सोबत कळण्याची भाकरी. हवाच इतकी गार असते की फ्रीज लागत नाही. बाटली तासभर पाटाच्या वाहत्या पाण्यात ठेवली तरी पुरते. भरीत नसेल तर शेवभाजी आहे. तीही नसेल तर जळगावच्या केळीचे खारे वेफर घ्यावेत. केळीलाही २०१६ चेच मानांकन आहे, त्यामुळे वांग्याने वाईट वाटून घेऊ नये. खारा वेफर, गार गोड घोट, पुन्हा वेफर. हे एवढे जमते की बाटली अर्धी का करतात, याचा राग यायला लागतो.

एक सांगायला हवे. खान्देशात माळकरी घरे पुष्कळ आहेत आणि मुक्ताईच्या पालखीबरोबर दरवर्षी पंढरीची वाट चालणारी माणसे घरोघर आहेत. अशा घरी बाटली न्यायचीच नाही. नेऊन "ही औषधी असते" असे समजावायचे तर मुळीच नाही. २१ वर्षांच्या आतल्या पोरांनाही "गोडच आहे" म्हणून चाखवायची नाही. जानेवारी २०२२ मध्ये सरकारने मोठ्या किराणा दुकानांत वाइन ठेवायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा राज्यभर गदारोळ झाला आणि तो निर्णय पुढे अमलात आला नाही. बाजूने आणि विरुद्ध बरेच मोठे युक्तिवाद झाले. जिभाऊंचा युक्तिवाद मला त्या सगळ्यांत भारी वाटला. दारूचे दुकान उधारी देत नाही, किराणावाला देतो. खरा धोका तोच.

भाच्यांनो, तुम्ही बाटली आणा. खरेच आणा, राहुड ओलांडून आणा; फक्त दोन आणा, आणि भरिताच्या दिवसांत आणा. एवढे सांगूनही अखजीला मांडे आणि आमरसासोबत कोणती वाइन द्यावी असे कुणी विचारणारच असेल, तर माझा सल्ला पक्का आहे: रशी द्यावी. पुरणाच्या कटाची, काळ्या मसाल्याची, वाटीला तोंड लावून प्यायची. ती गरम वाढावी आणि तिला माप नसते.